होम कायकू साब?

सत्या नडेला हैदराबादचे. शिकले बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये, २०१४ पासून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख. कंपनी इथं त्याच्याही आधीपासून आहे; १९९८ सालीच तिनं या शहरात विकास केंद्र थाटलं, आज गच्चीबावलीत तिचं ऐसपैस आवार आहे. तेव्हा हैदराबादला विंडोजचं आजोळ म्हणायला हरकत नाही. पण याच गावातल्या माणसानं संगणक फॉरमॅट केला की विंडोज त्याला विचारतं, आपण कोण?

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात राखाडी अक्षरं उमटतात: ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही. पैसे मोजलेत, बिल कपाटात आहे, तरी संशयित तुम्ही. चोरीची प्रत वापरणारा मात्र निवांत, कारण त्याचा क्रॅक आधीच चालवून झालेला असतो.

घरगुती विंडोजमध्ये ही विचारपूस सुरू झाली २००१च्या एक्सपीपासून. तीस दिवसांची मुदत. नेट नसेल तर फोन लावा आणि पन्नास आकडे वाचून दाखवा. एक आकडा चुकला की हरिपाठ पहिल्यापासून. जाणकार फॉरमॅटच्या आधी सिस्टीम३२ फोल्डरमधली ‘डब्ल्यूपीए.डीबीएल’ नावाची फाइल फ्लॉपीवर काढून घ्यायचे आणि नंतर परत जागेवर टाकायचे. यंत्र तेच असलं की विंडोज गुपचूप ओळख द्यायचं.

आता तेवढीही यातायात उरलेली नाही. विंडोज ८ पासून बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरून येते. विंडोज १० पासून त्यात डिजिटल लायसन्सची भर पडली: तुमच्या यंत्राची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली. त्याच यंत्रावर तेच एडिशन पुन्हा टाका, नेट जोडा, काम झालं. फायली वाचवा, फोटो वाचवा. लायसन्स स्वतःला वाचवतं.

मग घोडं अडतं कुठं? ‘तेच एडिशन’ या दोन शब्दांवर. लॅपटॉपबरोबर आलेलं असतं होम. दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये असतं प्रो. आपण दबक्या आवाजात आठवण करून द्यावी, तर तो आपल्याकडे दयेनं बघतो. “होम कायकू साब? प्रो डालके देतूं.” प्रो म्हटल्यावर गिऱ्हाईकाची छाती फुगते. चिपमधली होमची की या प्रोला लागू पडत नाही, मग त्यावर क्रॅक चालवला जातो. तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद. अस्सल लायसन्स मदरबोर्डात झोपलेलं, त्याच्या उरावर चोरीची प्रत नाचतेय, आणि या सेवेचे पैसे तुम्ही देताय. फुकटात मिळालेली चीज म्हणून वर चारचौघांत सांगतो आपण!

खरी अडचण येते ती मदरबोर्डच जळाल्यावर. यंत्राबरोबर आलेलं ओईएम लायसन्स सहसा त्या बोर्डाबरोबरच संपतं. स्वतंत्र विकत घेतलेलं असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. आणि ते आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमधून ‘हार्डवेअर बदललंय’ असं सांगायची सोय २०१६ पासून आहे. आधीच, हे महत्त्वाचं. बोर्ड गेल्यावर खातं उघडायला बसण्यात अर्थ नाही.

या बाबतीत आपले टॅलीवाले अकाउंटंट शहाणे. फॉरमॅटचं नाव काढलं की त्यांचा पहिला प्रश्न, “लायसन्स सरेंडर केलं का?” ते केल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाहीत. लाखांच्या हिशेबाची धास्ती माणसाला शिस्त लावते. घरच्या लॅपटॉपवर फक्त लग्नाचे फोटो असतात, म्हणून आपण बेफिकीर.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा फॉरमॅटची लाट ओसरायची नाही. १०चं अस्सल लायसन्स पात्र यंत्रावर ११लाही चालतं, नवी की कुणी गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. यंत्र दुकानात देण्याआधी सेटिंग्जमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडा, एडिशनचं नाव कागदावर लिहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवून द्या. वर बजावून सांगा: होमच डालो.