उणेवीसदादा

हेलसिंकीत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला घर मिळायला वेळ लागतो, बँकेत खातं उघडायला त्याहून जास्त लागतो. उणेवीसदादा मात्र पहिल्याच आठवड्यात भेटतात. बहुधा हाकानिएमीतल्या एखाद्या आशियाई दुकानात, तूरडाळीच्या पिशव्यांपाशी. तुम्ही नाक चोळत "आज उणे आठ आहे हो!" म्हणता आणि दादांच्या चेहऱ्यावर अपार करुणा पसरते.

"आठ? ही काय थंडी झाली? यंदा हिवाळा पडलाच नाही. आम्ही आलो त्या वर्षी उणे वीस होतं."

पुढं खरोखरच उणे अठरा झालं, तर त्या वर्षीचं उणे वीस आपोआप उणे सव्वीस होतं. पारा उतरतो तशी दादांची आठवणही उतरते. त्यांच्या हिवाळ्याला मागं टाकणं फिनलंडच्या हवामानालाही जमलेलं नाही.

मग शिकवणी सुरू होते. अंगालगत लोकर हवी, सुती बनियन घामानं भिजून घात करतो. बूट एक नंबर मोठा, म्हणजे आत हवा राहते. डिसेंबरअखेर सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो, तेव्हा डी जीवनसत्त्वाची गोळी चुकवायची नाही. अंधारात चालताना कोटाला रिफ्लेक्टर लावायचा. दादांच्या खिशात दोनचार जादा रिफ्लेक्टर असतात; हळदीकुंकवाचं वाण लुटावं तसे ते वाटत सुटतात.

घसरणं या विषयावर तर त्यांचा खास अधिकार. "उणे वीसला कुणी पडत नाही. धोका शून्याच्या आसपास. दिवसा बर्फ वितळतो, रात्री त्याची काच होते, वर भुरभुर हिम पडलं की ती काच दिसत नाही. म्हणून तर नगरपालिका फुटपाथवर खडी टाकते. पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर..." असं म्हणता म्हणता दादा स्वतःच आडवे झालेले असतात. पण क्षणात उठून, खडी झटकत म्हणतात, "बघितलंत? पडायचं ते असं. हात टेकायचा नाही, मनगट जातं."

बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, म्हणून ते लवकर गोठतं, ही माहिती ते समुद्रावर उभं राहूनच देतात. मग हातमोजा काढून घरच्या ग्रुपसाठी फोटो: 'भर समुद्रात उभा आहे!' दोन फोटोंत थंडीनं फोनची बॅटरी मान टाकते. सुओमेनलिन्ना बेटाची फेरीबोट मात्र बर्फ कापत निमूटपणे जात-येत असते. तिला कुणाला काही कळवायचं नसतं.

56 लाखांच्या देशात 30 लाखांच्या आसपास सौना आहेत, हे दादा अभिमानानं सांगतात. सौनातून निघून बर्फातल्या भोकात डुबकी मारणाऱ्या फिनिश आजीबाईंची वर्णनंही रंगवतात. "तुम्ही मारली?" असं विचारलं की म्हणतात, "पाय घातला होता. त्यातच कळतं."

खरी गंमत त्यांच्या घरी गेल्यावर उलगडते. खिडक्यांना तीन-तीन काचा, शहराच्या केंद्रातून नळांनी येणारं गरम पाणी, आत एकवीस अंश. दादा हाफपँटमध्ये आइस्क्रीम खात बसलेले. उणे वीस त्यांनी सोसलंय ते दारापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत.

म्हणूनच डिसेंबरात पुण्याला गेले की त्यांची दैना होते. रात्री बारा अंश, खाली गार फरशी, खिडकीच्या फटीतून वारा आणि तापवलेली म्हणून एकही खोली नाही. कानटोपी, दोन स्वेटर, वर आईची शाल. भाचरं खिदळतात, "मामा, तुमच्याकडे तर उणे वीस असतं ना?" दादा दात वाजवत चुलीवरच्या पाण्याची चौकशी करतात.

पण असा माणूस हरत नसतो. जानेवारीत ते हेलसिंकीला परततात, ऑफिसच्या सौनात वरच्या फळीवर बसतात. शेजारचा फिनिश सहकारी सहज म्हणतो, "यंदा फार कडक हिवाळा, उणे बावीसपर्यंत गेलं."

दादांच्या चेहऱ्यावर तीच करुणा पसरते. "ही काय थंडी झाली? एकदा डिसेंबरात आमच्या पुण्याला या."