खटक्याशिवाय फोटो कसला?

पांझरा नदीच्या अलीकडे धुळ्यात असो की पलीकडे देवपुरात, लग्नाच्या स्टेजवर एक नवं संकट उभं आहे: फोटोग्राफरचा मिररलेस कॅमेरा बोलतच नाही. डीएसएलआरमध्ये आरसा उचलला जायचा, शटरचे पडदे सरकायचे आणि त्या खटक्यावर नवरदेवाच्या मावशीला तोंड मिटायची परवानगी मिळायची. आता इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर गुपचूप वाचला जातो आणि मावशी पुढचं जोडपं आहेर घेऊन चढलं तरी हसतेच आहे. शेवटी काकांना विचारावं लागतं, “भाऊ, निघाला का फोटो?”

मोबाइलची तऱ्हा उलटी. त्यात ना आरसा, ना सरकणारा पडदा. तरी खटका वाजतो, तोही स्पीकरमधून! दक्षिण कोरियात मात्र ही गंमत नाही. चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तिथल्या उद्योगाच्या २००४ च्या मानकाने फोनचा खटका ६० ते ६८ डेसिबलचा ठरवला. जपानी कंपन्यांनीही तो बंद करण्याची सोय ठेवली नाही.

आपल्याकडे स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. कॅमेऱ्याने आवाज करावा अशी सक्ती नाही. केली तरी डीजेपुढे ६८ डेसिबल ऐकणार कोण? त्यापेक्षा फोटोग्राफरनेच तोंडाने ‘खट्’ म्हणावं. अल्बमच्या बिलात त्याचे पैसे वेगळे.