अकरावा आकडा

दरेकशाला लोक उतरतात ते हाजरा धबधब्यासाठी, नाहीतर माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी. गुरुजी स्टेशनात येतात ते मालगाडीसाठी. मुंबई-हावडा लाइनवरच्या छोट्या स्टेशनांवर असा एखादा रिटायर मास्तर सापडतोच. मेलला वाट द्यायला कोळशाची गाडी लूपला उभी राहिली, की इतरांना ती खोळंबा वाटते, यांना वाचनालय.

वाघिणीवरचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे वाघिणीच्या जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या सालाचे, नंतरचे चार तिचे स्वतःचे. “आणि अकरावा?” असं तुम्ही चुकून विचारलंत, की तुमची गाडी चुकलीच म्हणून समजा.

गुरुजी पाठ फिरवून उभे राहतात. चहावाला पोरगा पहिले दहा आकडे वाचतो: २२१४१२३४६५. सम जागांवरच्यांची बेरीज सतरा, तिची तिप्पट एक्कावन्न. विषम जागांवरचे तेरा मिळवले की चौसष्ट. सत्तर व्हायला कमी किती? “सहा!” गुरुजी गरजतात. वाघिणीवर सहाच असतो. नंबर उतरवताना चूक झाली तर पकडायला रेल्वेने हा राखणदार बसवलाय, हे कोण ऐकतंय! दोन दिवसांत गावात बोभाटा झाला, की गुरुजींना आकडा कळतो. तिसऱ्या दिवशी एकजण कानाशी आला, “गुरुजी, आज कोणता लागंल?” सट्टापट्टीवाल्यावर गुरुजी इतके चिडलेले कोणी पाहिले नव्हते.

खरी मजा तर पुढेच. २२१४१२३४६५६ च्या अंकांची बेरीज ३६, आणि ३६ ने तिला निःशेष भाग जातो. म्हणजे ही हर्षद संख्या. भागाकार ६१५०३४२९६. त्याच्याही अंकांची बेरीज ३६, त्यालाही ३६ ने भाग जातो! आता भागाकार १७०८४२८६, बेरीज पुन्हा ३६, पण भाग काही जात नाही. “तिसऱ्या पिढीनं घराणं बुडवलं,” म्हणत गुरुजी उसासा टाकतात. माझ्या मते हा शोक खरा असतो.

हर्षद हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं. गुरुजींच्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो नाही एवढंच. ६१७४ ची करामत त्यांचीच. जीआयपी रेल्वेच्या स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनाचंच नाव दिलं, डेम्लो. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनरने लिहिलं आणि कापरेकर जगाला कळले. “दरेकसा संख्या का नको?” हा गुरुजींचा लाडका सवाल. ती नेमकी कशी असेल, ते अजून ठरायचंय.

माणूस निरुपद्रवी आहे, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पाजतो. फक्त त्यांना आपला मोबाइल नंबर देऊ नका. फोन करणार नाहीत, अवयव पाडतील.