आईसाठी स्थळ

देशात कुठेही माणूस फार आजारी पडला की शेवटी परळला येतो, ही परळकरांची जुनी फुशारकी आहे आणि ती खोटी नाही. १९२६ साली केईएम उभं राहिलं, त्याच साली बाळंतिणींसाठी नौरोसजी वाडिया आलं, तीन वर्षांनी पोरांसाठी बाई जेरबाई वाडिया. १९४१ मध्ये टाटांचं कॅन्सरचं रुग्णालय सुरू झालं. कामगारांसाठी विम्याचं महात्मा गांधी रुग्णालय आहे. मुक्या जनावरांसाठी बैलघोडा आहे. पाटीवर त्याचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट असं लांबलचक आहे, पण ते सांगून एकदा टॅक्सी करून बघा. चालत जाण्याच्या अंतरात जन्मायची सोय आहे, कापाकापीची आहे, घोड्याच्या खुराचीही आहे. म्हातारं होण्याची तेवढी राहून गेली. त्यामुळे बिहार-आसामचा पेशंट परळला येतो आणि परळची म्हातारी कर्जतला जाते.

यात रुग्णालयांना बोल लावण्यात अर्थ नाही. रुग्णालय आजार बघतं, आणि म्हातारपण हा आजार नाही हे राउंडवरचा कुणीतरी तरुण डॉक्टर रोज हसतमुखाने समजावून सांगत असतो. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतल्या एका आजींचं उदाहरण घेऊ. नाव देत नाही, कारण निम्म्या परळला त्या आपल्याच वाटतील. वय ८१. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलला, टाके निघाले. “आता इथे ठेवून करण्यासारखं काही नाही,” डॉक्टर म्हणाले. घरी मात्र करण्यासारखं पुष्कळ होतं. खोली १६० चौरस फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि संडास पॅसेजच्या टोकाला.

थोरला डोंबिवलीला, मधली विरारला, धाकटा न्यू जर्सीत. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांच्या वर होती, २०११ च्या जनगणनेत ती ३१ लाखांच्या आत आली. शेजारचा उपनगर जिल्हा तोवर ९३ लाखांपुढे गेला होता. जनगणनेच्या भाषेत ही घट. चाळीच्या भाषेत, “मुलं सेटल झाली.”

डिस्चार्जच्या दिवशी ‘आईची प्रकृती’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि आईसाठी स्थळ बघायला सुरुवात झाली. सगळा मामला स्थळ बघण्याचाच. माहितीतून आलेलं हवं, लोक चांगले हवेत, फार लांब नको, फार जवळही नको. देण्याघेण्याचं आधी स्पष्ट झालेलं बरं. आणि जिला जायचंय तिला शेवटी विचारायचं. सर्वांत जास्त सूचना न्यू जर्सीहून यायच्या, त्याही आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असताना. त्याला ‘मेमरी केअर युनिट’ हवं होतं. आजींना १९८२ च्या गिरणी संपात कोणत्या दुकानदाराने उधार दिलं आणि कोणी नाही, हे अजून पैशासकट आठवतं.

गिरगाव-दादरच्या जुन्या माणसाला नर्सिंग होम म्हटलं की पहिल्या मजल्यावरच्या दहा-बारा खाटा आठवतात. खाली औषधांचं दुकान, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड, जिन्यात फिनेलचा वास. दादरकरांनी तर शेअर्स घेऊन रानडे रोडवर ‘शुश्रूषा’ उभं केलं; देशातलं पहिलं सहकारी रुग्णालय म्हणून ते ओळखलं जातं. आता या पहिल्या मजल्यावरच्या जागा एकेक करून पुनर्विकासात जात आहेत आणि मोठ्या रुग्णालयांच्या लॉबीत पियानो वाजतो. गिरगावकर आपल्या रुग्णालयाला अजून हरकिसनदासच म्हणतो. मात्र २०१४ मध्ये नव्याने उघडलेल्या त्या रिलायन्सच्या इमारतीत शिरला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

तर या नर्सिंग होमसाठी कायदा आहे, तोही १९४९ चा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करायची, तर नोंदणी लागते. यातला ‘दुर्बलता’ हा शब्द आजींसारख्यांसाठीच असल्यासारखा आहे. २०२१ मध्ये नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं. म्हणजे आईसाठी जागा बघायला गेलेल्या माणसाने दारातच विचारायचे प्रश्न सरकारने छापून दिलेले आहेत: नोंदणीचं सर्टिफिकेट कुठे आहे, दरपत्रक कुठे आहे, रात्रीच्या पाळीला शिकलेली नर्स कोण आहे? पण यातलं काही विचारलं तर मॅनेजरला वाईट वाटेल, असं आपल्या माणसाला वाटतं. त्याऐवजी तो विचारतो, “पार्किंग आहे ना?”

रविवारी सकाळी दोन गाड्या काढून मंडळी कर्जतच्या बाजूला निघाली. वाटेत वडापाव झाले, सेल्फी झाले. जागा निसर्गरम्य होती. बागेत लाफिंग बुद्धा, भिंतीवर स्वामी समर्थ, रिसेप्शनवर माहितीपत्रक: घरापेक्षा घरपण, चोवीस तास सीसीटीव्ही, डॉक्टर ऑन कॉल. म्हणजे डॉक्टरांना फोन करता येतो. सीसीटीव्हीवर न्यू जर्सी बेहद्द खूश झाला, कारण आता त्याला तिथे बसून आईची सेवा करता येणार होती. सूनबाईंना खिडकीतून दिसणारा डोंगर आवडला. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही.

माहितीपत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत होतं ‘शुद्ध शाकाहारी सात्त्विक आहार’. दर मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत उभं राहून मसाला कुटून घेणारी, सुका जवळा डब्यात संपत आला की जिचा जीव वरखाली होतो, अशी ही बाई. तिला ८१ व्या वर्षी सात्त्विक करण्याचा ठराव ग्रुपवर एकमताने झाला. थोरला म्हणाला, “वयाला बरंच असतं ते.” तो स्वतः त्याच संध्याकाळी खोपोलीला सुरमई खाऊन आला.

सगळ्यांबरोबर आजींची नणंदही गेली होती, मुलांची आत्या. पालिकेच्या इस्पितळात आयाबाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. तिच्याकडे स्मार्टफोन नसल्यामुळे ती ग्रुपवर नव्हती आणि म्हणून कमिटीवरही नव्हती. मॅनेजर योगा हॉल दाखवत होता तेव्हा ती मागच्या बाजूने वर गेली. पॅसेजमध्ये उभी राहून तिने वास घेतला. एका खाटेजवळ जाऊन बेलचं बटण झोपलेल्या माणसाच्या हाताला लागतं का ते पाहिलं. ते भिंतीवर, उशीच्या दोन हात वर होतं. एका म्हातारबाबांची नखं पाहिली. मग त्यांना “बाबा, जरा कुशीवर होता का,” म्हणत हलकेच वळवलं आणि पाठीवरचा सदरा वर केला. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, “पाठ लाल झालीय. रात्री कोणी वळवत नाही.” सूनबाई म्हणाल्या, “आत्या, तुम्ही पण ना! फोर पॉइंट सिक्स रेटिंग आहे.”

आत्याचं हे पाठ बघणं कुठून आलं ते परळकरांना सांगायला नको. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षांच्या आसपास, चार नंबर वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या नर्सेसच्या पिढ्या बदलल्या, तरी त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिले गेले नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या दयामरणाचा प्रश्न निघाला, तेव्हा न्यायमूर्तींनीही या शुश्रूषेचं तोंड भरून कौतुक केलं. त्या खोलीतून डोंगर दिसत नव्हता. सीसीटीव्हीवरून कुणी दुरून सेवाही करत नव्हतं.

पैशांचा विषय निघाला तेव्हा मंडळी प्रथमच गंभीर झाली. मेडिक्लेमवाल्याने सांगितलं की ॲडमिट झाल्यास पैसे मिळतील, नुसत्या सांभाळण्याचे नाहीत. पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत ते छापलेलंच असतं. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मानचे वर्षाला पाच लाख आहेत, तेही ॲडमिट झाल्यावर. थोडक्यात, पुन्हा हाड मोडलं तर सोय आहे, न मोडता राहिलं तर नाही. धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात माणशी महिना २५ हजार रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण मुलांकडून आईला महिन्याला जास्तीत जास्त १० हजार मिळवून देऊ शकतं. म्हणजे सरकारच्या लेखी आई सांभाळण्याची किंमत १० हजार आणि ती दुसऱ्याकडून सांभाळून घेण्याची २५. मधल्या १५ हजारांत काय येतं ते विचारायची सोय नाही. याच कायद्याने दर जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम राज्यांकडे सोपवला आहे. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली होती. नावाच्या बाबतीत महाराष्ट्र कधी मागे नसतो.

अखेर कर्जतची जागा पक्की झाली. कारण सोपं होतं, लोणावळ्याला जाता-येता वाकडी वाट करून भेटता येणार होतं. अनामत भरायची तारीखही ठरली, आणि मग कुणीतरी आजींना सांगितलं.

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी उशीखालची पिशवी काढली आणि तिच्यातून भाडेपावती काढली. बीडीडीचा पुनर्विकास होतोय, १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मालकी हक्काने मिळणार आहे, वरळीतल्या काहींना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्याही मिळाल्या. इथे पावती आजींच्या नावावर आणि पात्र भाडेकरूही त्याच. हे तिन्ही मुलांना ठाऊक होतं. आपल्या आईलाही ते ठाऊक असेल, याचा अंदाज नव्हता.

पुढचं आत्याने सांगितलं. २००७ च्याच कायद्यात २३ वं कलम आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलांच्या नावे करून दिलं आणि मुलांनी अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्दबातल ठरवू शकतं. मात्र अट कागदावर असलेली बरी. आजींच्या अटी आत्याने वहीच्या पानावर उतरवून आणल्या होत्या: ब्युरोची चोवीस तासांची बाई, तिचं कमिशन मुलांनी भरायचं, दर दोन तासांनी कुशीवर, बुधवारी आणि रविवारी मासे, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत, आणि नव्या घरात आजींची खाट हॉलमध्ये, दाराकडे तोंड करून, म्हणजे कोण आलं-गेलं ते कळतं.

धाकट्याने न्यू जर्सीहून पॉवर ऑफ ॲटर्नीचं विचारलं. त्यावर आजींनी त्याला कोणत्या साली कोणत्या फीसाठी कुठली पाटली मोडली ते तारखेसह ऐकवलं. बाकी अटी दोन दिवसांत मान्य झाल्या. खाट हॉलमध्ये टाकली तर एल आकाराचा सोफा कुठे जाणार, यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे.