चोवीस कोअरचा मुनीम

सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात, जेथे साडीच्या ठोक भावात चार आण्यांची तफावत निघाली तरी अर्धा दिवस घासाघीस करण्यात कोणासही कमीपणा वाटत नाही, तेथीलच एखादा शेठ पेढीवरील संगणकासाठी प्रोसेसर निवडताना मात्र असा काही दिलदार होतो, की १६६४ साली शिवाजीमहाराजांस जे सक्तीने वसूल करावे लागले, ते विक्रेत्यास विनातक्रार, पावतीसह मिळते. वास्तविक टॅलीत जमाखर्च मांडणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे आणि बिले छापणे यांस ४ कोअरचा आय-थ्री १२१०० पुरून उरतो. तरी २४ कोअरचा आय-नाईन १४९००के आणून त्यांतील बहुतेकांस बिनकामी बसवून ठेवण्याची हौस दांडगी. याउलट काटकसरीचे व्रत घेतलेले गृहस्थ नावाअखेरीस ‘एफ’ असलेला स्वस्त प्रोसेसर घेतात, आणि त्यात ग्राफिक्सची अंगभूत सोय नाही, हा साक्षात्कार पडदा काळाच राहिल्यावर होऊन, वाचलेली रक्कम ग्राफिक्स कार्डापायी निमूटपणे मोजतात. मुनीमजी बिचारे मागतात काय, तर जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आणि १६ जीबी रॅम! शेठजी, एवढा अर्ज तेवढा मंजूर करावा.