पोशिंद्याला माणशी दीडशे

सरकारी जाहिरातीत बैलजोडीसकट झळकणाऱ्या पोशिंद्यालाही भूक लागते, हे 2015 साली सरकारच्या लक्षात आलं. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी महिना 5 किलो धान्य सुरू झालं. गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 रुपये. पुढे धान्याची आवक आटली, तेव्हा 2023मध्ये सुटसुटीत तोड निघाली: धान्य नको, माणशी 150 रुपये खात्यात घ्या. वर्षभरानं महागाईची गंभीर दखल घेण्यात आली आणि 150 चे 170 झाले.

धान्याला फार तर कीड लागायची. पैशाला केवायसी लागते. खातं आधारला जोडलंय का? जोडलंय, मग चालू आहे का? चालू आहे, तर अंगठा ठेवा. खुरपं धरून रेषा पुसलेला तो अंगठा यंत्राला काही पटत नाही. ‘पुन्हा या’ म्हणतात. येण्याजाण्याचं भाडं अर्थातच योजनेत बसत नाही.

कुणी विचारील, दोन एकरवाल्यानं घरापुरतं पिकवावं की! पिकवतोच बिचारा. कापूस आणि सोयाबीन. दोन्हींची भाकरी तेवढी होत नाही. ज्वारी लावावी तर भाव नाही, पाखरं राखायला माणूस नाही. तसं ज्वारीचं कौतुक मात्र त्याच 2023मध्ये जोरात होतं. आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं ना! शहरातल्या प्रदर्शनांत तिची बिस्किटं दीडशेच्या पाकिटात मिळायची.