सोलापुरी खवय्या: वास्तव्य आणि स्थलांतर

सोलापुरी खवय्या कोरड्या, उष्ण हवेत वाढतो आणि तिखटावर पोसला जातो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी त्याच्या ताटातले तिखट कमी होत नाही. फार तर शेजारी ताकाचा तांब्या येतो. गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा नांदतात. बोलायला त्याला दोनच येत असतील, पण जेवताना चारही समजतात.

घरी त्याचा मुख्य आहार ज्वारी. ती मंगळवेढ्याचीच हवी. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याला आनंदापेक्षा सरकारच्या उशिराचे नवल जास्त वाटले. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली ती याच मंगळवेढ्यात. त्या कोठारांत तांदूळ असता तर लोकांनी ही गोष्ट इतकी शतके लक्षात ठेवली नसती, असे त्याचे ठाम मत असते.

भाकरी ताजी असली तर उत्तम, कडक असली तर अतिउत्तम. कडक भाकरी पातळ थापतात, तीळ लावतात आणि मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत शेकतात. मग ती महिनाभर सहज टिकते. ती चोरून खाता येत नाही, कारण पहिल्याच घासाला शेजारच्या खोलीतून कोणीतरी विचारतो, ‘‘काय बे, एकटाच?’’

तिची जोडीदार शेंगा चटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट आणि मीठ एवढेच साहित्य. करामत सगळी कांडण्यात. मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. कांडलेल्या चटणीला दाण्याचे तेल सुटते, चिमटीत दाबली की तिचा गोळा होतो आणि बोटाला लालसर ओल लागते. जाणकार ही परीक्षा दुकानात, मालकाच्या डोळ्यांदेखत घेतो. एका चिमटीने खात्री पटत नाही, म्हणून दुसरी घेतो. तिसरी बायकोला देतो. मग पावशेर बांधायला सांगतो आणि भाव कमी करून मागतो.

बाहेर खाण्याचे त्याचे वेळापत्रक भूगोलानुसार ठरते. सकाळी पूर्व भाग: तिथे तेलुगू पद्मशाली विणकरांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे इडली-डोशासाठी दक्षिणेत जायची गरज पडत नाही. संध्याकाळी पार्क चौपाटी. मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटर लांब. तरीही चौपाटी आहे आणि समुद्राची उणीव कोणालाही भासलेली नाही. भेळेत वाळू येत नाही, हा उलट फायदाच. रमजानमध्ये विजापूर वेशीतला मीना बाजार मध्यरात्रीनंतरही जागा असतो आणि तिथल्या गर्दीत रोजा न धरणारेही मोठ्या निष्ठेने हजर असतात. रात्री सावजी खानावळ. मटणाच्या वाटीवर बोटभर तर्री असते. नवखा ती चमच्याने बाजूला सारतो. मुरलेला ती आधी पितो आणि कपाळाचा घाम पुसत, ‘‘मालक, रस्सा आणा,’’ म्हणतो. सोलापुरात वाढणारा मालक असतो, खाणाराही मालकच असतो. नोकर कोण, ते बिल येईपर्यंत कळत नाही.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरताना त्याला करमाळा-जेऊर पट्ट्यात बाजार आमटी गाठावीच लागते. मिश्र डाळी आणि काळा मसाला घालून आठवडी बाजाराच्या गर्दीसाठी शिजणारी ही आमटी डब्याच्या मापाने मिळते. एका डब्याभोवती पाच-सहा जण भाकऱ्या कुस्करून बसतात. एकटा गेलेला माणूस अनोळखी टोळक्यात सहज सामावला जातो; हिशोबाच्या वेळी मात्र कोण किती भाकऱ्यांचा धनी यावर सविस्तर चर्चा होते.

खरा प्रवास पुण्याच्या रस्त्यावर सुरू होतो. अडीचशे किलोमीटरमध्ये पहिला मोठा थांबा भिगवणचा, उजनी धरणातल्या माशांसाठी. धरण सोलापूर जिल्ह्यात आणि मासळीचे नाव पुणे जिल्ह्यात, हा अन्याय त्याला चिलापी तळून येईपर्यंत बोचतो. मासा आवडतो, पण काटे काढण्यात जो वेळ जातो तेवढ्यात मटणाची एक वाटी संपली असती, हा हिशोब डोक्यातून जात नाही.

पुण्यात आमटीत गूळ लागतो. तिथे तो वाद घालत नाही; खिशातून चटणीची पुडी काढतो. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला मान डोलावतो आणि पांढऱ्याचे प्रयोजन विचारतो. नागपुरात ‘सावजी’ची पाटी पाहून नातेवाईक भेटल्यासारखा आत शिरतो, रस्सा वेगळाच निघाल्यावर मूळ सावजी कोणाचे, या प्रश्नावर गल्ल्यावरच्या माणसाशी अर्धा तास घालवतो. दोन्हीकडचे सावजी दोन वेगळ्या विणकर समाजांचे आहेत, हे मिटवामिटवीचे उत्तर दोघांनाही पटत नाही. सर्वांत मोठी निराशा विजापुरात होते. तिथे तीच कडक भाकरी, तीच शेंगा चटणी, तसेच भरले वांगे. नाव ठेवायला काही नसल्याने शंभर किलोमीटरची फेरी वाया गेली असे त्याला वाटते.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघालेला प्रत्येक सोलापूरकर घरून जेवून आलेला असतो. तरी गाडी कुर्डुवाडीला पोचायच्या आत डब्यांची झाकणे उघडतात आणि भाकरीबरोबर समोरच्या बाकावरची चौकशीही वाढली जाते: कुठले, कोणाचे, मुलगी कुठे दिली.

परदेशी जाणाऱ्या मुलाच्या सामानात पुस्तके किती, हे वजनकाट्यावर ठरते. चटणी किती, हे आधीच ठरलेले असते. कडक भाकऱ्या सोलापुरी चादरीच्या घड्यांमध्ये बसवतात. चादर थंडीसाठी दिली असे मुलाला सांगतात. एवढे करूनही मुक्कामी पोचेपर्यंत निम्म्या भाकऱ्यांचा चुरा झालेला असतो. पण कडक भाकरी मुळात आमटीत नाहीतर दह्यात कुस्करूनच खायची असल्याने, नुकसान झाले असे कोणी धरत नाही.